नाव दाखल करताना

जून लागला की आमच्या ऑफिसात पहिली खरेदी होते ती स्टेपलरच्या पिना आणि शिक्क्याच्या पॅडची. मग सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे निकाल येतात, कॅपचं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचं वेळापत्रक लागतं, आणि पुढचा दीड महिना माझ्या खिडकीसमोरची रांग काही तुटत नाही. मी नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला आहे, १९ वर्षं झाली. इतक्या वर्षांत हजारो फायली हातातून गेल्या आणि दरवर्षी वाटतं की ह्याच्यावर एकदा नीट लिहायला पाहिजे, कारण नव्याने अ‍ॅडमिशन घेणाऱ्या मुलांना मार्क कसे मिळवायचे हे सांगणारे शंभर जण असतात, पण मार्क मिळाल्यानंतर काय करायचं हे सांगणारं घरात बहुतेक वेळा कुणीच नसतं.

आपल्याकडे म्हणतात ना, नंबर लागला. पेढे वाटले जातात, स्टेटस ठेवलं जातं, मामाचा फोन येतो. पण नंबर लागला म्हणजे अ‍ॅडमिशन झालं असं नाही, हे मला दर राउंडला दहा-वीस जणांना सांगावं लागतं. अलॉटमेंट आली की आधी लॉगिन करून ती सीट स्वीकारायची, त्याचे हजार रुपये ऑनलाइन भरायचे, आणि तेव्हाच ठरवायचं की हेच कॉलेज नक्की म्हणून फ्रीज करायचं का पुढच्या राउंडला अजून वरचं काही मिळतंय का बघायला बेटरमेंट घ्यायची. फ्रीज केलं तर दिलेल्या तारखेच्या आत कॉलेजात स्वतः येऊन कागद दाखवायचे, फी भरायची, आणि आमच्या लॉगिनमधून ते अ‍ॅडमिशन सिस्टिमवर चढलं की मग जी पावती निघते ती खरी पावती. मधेच कुठे थांबलात तर सीट तुमची राहत नाही.

एक मुलगा आठवतो, सिन्नरकडचा, त्याने हजार रुपये भरले आणि त्याला वाटलं झालं, कारण मोबाइलवर हिरव्या अक्षरात सक्सेसफुल असं आलं होतं. तो निवांत गावी गेला. रिपोर्टिंगची मुदत संपल्यावर दोन दिवसांनी वडिलांना घेऊन आला, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मी स्क्रीन उघडली आणि तिथे त्याचं नाव नव्हतं. त्या वडिलांनी मला एकच विचारलं, "म्हणजे त्ये हजार कशाचे घेतले मग?" मी समजावलं, पण त्या प्रश्नात काही चूक नव्हती. पैसे घेतले, पावती दिली, सक्सेसफुल म्हणलं, मग अजून काय राहिलं असं कुणालाही वाटेल. त्याला पुढच्या राउंडला सीट मिळाली, पण त्याने मागितलेल्या ब्रँचची नाही.

ऑप्शन फॉर्मबद्दल पण सांगते, कारण ती चूक नंतर दुरुस्तच होत नाही. २०२५-२६ ला चार राउंड झाले, त्यात पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन मिळाला, दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनातला किंवा तिसऱ्याला पहिल्या सहातला मिळाला तर सीट आपोआप फ्रीज होणार असा नियम होता. म्हणजे मित्राने टाकलं म्हणून, किंवा सायबर कॅफेवाल्याने भराभर क्लिक केलं म्हणून वरच्या जागी भलतंच कॉलेज बसलं, तर तेच गळ्यात पडतं. नियम वर्षावर्षाला बदलतात, त्यामुळे ही प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका एकदा तरी घरी बसून, चहा घेत, आईवडिलांबरोबर मोठ्याने वाचा. शंभरावर पानं असतात पण तुमच्या कामाची दहा-पंधराच असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या वर्षीची पीडीएफ फिरत असते, ती नको.

आता कागद. कागदांवर मी किती बोलू तेवढं कमी.

सगळ्यात मोठा कागद म्हणजे एलसी, शाळा सोडल्याचा दाखला, काही जण टीसी म्हणतात. बाकीचे मूळ कागद आम्ही बघून परत करतो, पण हा आमच्याकडे जमा होतो आणि फायलीत जातो. मूळ दाखला एकदाच निघतो, दुसरा काढायला गेलात तर त्यावर डुप्लिकेट असा शिक्का पडतो. म्हणून देण्याआधी त्याच्या चांगल्या चार-पाच रंगीत झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा. आणि देण्याच्याही आधी, बारावीचा दाखला हातात पडला त्याच दिवशी, शाळेच्या पायरीवरच उभं राहून तो ओळ न ओळ वाचा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जन्मस्थळाच्या पुढे गाव, तालुका, जिल्हा, राष्ट्रीयत्व भारतीय असं लिहिलंय का, जात-पोटजातीचा रकाना भरलाय का. ह्यातला एक रकाना मोकळा असला की तुम्हाला रहिवासी आणि राष्ट्रीयत्वाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात पळावं लागतं, आणि नेमकं त्या आठवड्यात सेतूचा सर्व्हर बंद असतो. ही दुरुस्ती मूल शाळेत असताना एका अर्जावर होते. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधलं अक्षर बदलायचं तर प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं.

नावाचा घोळ हा तर वेगळाच विषय आहे. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर मुलाचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नाव नुसतं एका अक्षरावर, आणि इंग्रजी स्पेलिंग तर काय विचारूच नका. ज्ञानेश्वर हे नाव मी आजवर सहा प्रकारे लिहिलेलं बघितलंय. मुलाला वाटतं एका अक्षराने काय होतं. पण पुढे विद्यापीठाच्या सिस्टिमला, स्कॉलरशिपच्या पोर्टलला, बँकेला, सगळ्यांना हा एकच माणूस आहे हे त्या अक्षरावरूनच कळतं. माझं तर सगळ्या पालकांना सांगणं आहे की दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना जे स्पेलिंग जाईल तेच आयुष्यभराचं धरा आणि आधार, बँक सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला जाऊ नका.

आणि आधारला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. हे किरकोळ वाटेल, पण माझ्या खिडकीशी सगळ्यात जास्त वेळ ह्याच्यात जातो. मुलाचं आधार काढलं तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असतो, वडिलांचा तेव्हाचा नंबर दिलेला असतो, ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. मग एबीसी आयडी काढायला डिजिलॉकर उघडलं की ओटीपी जातो त्या बंद नंबरवर आणि आम्ही सगळे त्या स्क्रीनकडे बघत बसतो. एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ च्या जुलैत सुरू झाली, १२ आकडी नंबर असतो, तुमचे सगळे क्रेडिट पुढे त्याच खात्यात जमा होणार, आणि शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख नंबर, काढला असेल तर तो ह्याच्याशीच जोडलेला असतो. हल्ली त्याशिवाय परीक्षेचं पुढचं काम अडतं. म्हणून मे महिन्यातच, गर्दी नसताना, आधार केंद्रावर जाऊन चालू नंबर टाकून घ्या.

मी हे सगळं इतकं पोटतिडकीने का सांगते, तर मी स्वतः त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. १९९५ ची गोष्ट, बीकॉमला. वडील गवंडीकाम करायचे. आम्ही तीन दिवस गेलो आणि तिन्ही दिवस आतून आवाज आला, "एक कागद कमी आहे, उद्या या." कुठला कमी आहे ते पहिल्या दिवशीच पूर्ण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम झालं असतं. पण पहिल्या दिवशी एक सांगितला, तो आणला तर दुसरा, तो आणला तर तिसरा. वडिलांचे तीन रोज बुडाले. ते काही बोलले नाहीत, घरी येताना फक्त सायकल हातात धरून चालत आले, बसले नाहीत सायकलवर. तो रस्ता मला अजून पाठ आहे. ह्या नोकरीत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं की माझ्या खिडकीवरून कुणी नुसतं उद्या या ऐकून जाणार नाही. मी पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून ठेवते, काय काय कमी आहे ते सगळं एका दमात लिहून देते, कुठे मिळेल, कुणाची सही, काय घेऊन जायचं, शेवटची तारीख कुठली. खाली ऑफिसचा नंबर. एवढंच करते, पण चिठ्ठी हातात असली की माणूस सेतूवाल्यासमोर पण ताठ उभा राहतो, हे मी बघितलंय.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली एक मुलगी सांगायचीच आहे.

पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची. सकाळच्या एसटी बसने सावळघाट ओलांडून बापलेक आले होते, दोघांच्या पायाला वाळलेला चिखल, कारण आवणीचे दिवस. आमच्याकडे अ‍ॅडमिशनच्या तारखा आणि तिकडे भाताची आवणी दरवर्षी एकाच वेळी येतात, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या कधी लक्षात येत असेल का माहीत नाही, पण ज्याला मजुरीला माणूस परवडत नाही त्याच्यासाठी एक दिवस शहरात येणं म्हणजे एक खाचर तसंच राहणं. मुलीला कॉम्प्युटरला सीट लागली होती, अनुसूचित जमातीच्या कोट्यातून. कागद एका खताच्या पिशवीत गुंडाळून आणलेले, आत एक प्लास्टिकची फाइल, आणि फाइल इतकी नीट लावलेली की मी क्षणभर बघतच राहिले. दहावी, बारावी, सीईटीचं स्कोअरकार्ड, एलसी, जमातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. फक्त व्हॅलिडिटी नव्हती. तिच्या जागी समितीकडे अर्ज केल्याची पावती होती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जातीचा दाखला प्रांताकडून मिळतो, पण राखीव जागेवर अशा कोर्सला अ‍ॅडमिशन घ्यायचं तर तो दाखला खरा आहे हे पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र लागतं, तेच जात वैधता किंवा सगळे म्हणतात ती व्हॅलिडिटी. आणि त्यासाठी पुरावा लागतो जुना. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागासला १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज १८ वर्षांच्या पोरीला कॉम्प्युटर शिकायचंय, तर आधी १९५० सालच्या आधी तिच्या घरातलं कोण कुठल्या कागदावर होतं ते शोधा. ज्यांच्या घरात तेव्हापासून शाळा आहे, नोकरी आहे, जमीन आहे, त्यांचा कागद सापडतो. ज्यांच्या घरात तेव्हा कुणी शाळेची पायरीच चढलं नव्हतं त्यांनी काय दाखवायचं? खोटे दाखले काढून राखीव जागा लाटणारे आहेत, म्हणून पडताळणी पाहिजे हे मला पूर्ण मान्य आहे, खोट्याने बसणारा हा खऱ्याचीच जागा खातो. पण जो सगळ्यात मागे राहिला त्यालाच सगळ्यात जुना कागद मागायचा, ह्यातला त्रास मी रोज समोर बघते आणि मला त्याची सवय झालेली नाही.

तिच्या आजोबांनी शाळा पाहिली नव्हती. पण आजोबांचा थोरला भाऊ दोन वर्षं शाळेत गेला होता. तिच्या वडिलांनी त्या जुन्या शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांच्या मागे लागून, दाखल खारीज रजिस्टरचा उतारा मिळवला होता. त्याची झेरॉक्स त्यांनी मला दाखवली. मोडीतून नुकतंच सुटलेलं वाटावं असं वळणदार अक्षर, शाई फिकी, नावापुढे जमात लिहिलेली, आणि शाळा सोडल्याचं कारण ह्या रकान्यात एकच शब्द, गुरे. म्हणजे गुरं राखायला घरी ठेवलं. मी तो शब्द दोनदा वाचला. त्या एका माणसाने दोन वर्षं शाळेत काढली म्हणून आज चुलत नातीचा अर्ज उभा राहत होता.

त्या वर्षी पावतीवर तात्पुरतं अ‍ॅडमिशन देता येत होतं, मूळ व्हॅलिडिटी ठरलेल्या मुदतीत आणायच्या बोलीवर, नाही आली तर राखीव जागा जाणार. मी हमीपत्र भरून घेतलं, आणि चिठ्ठीवर मुदतीची तारीख लिहून खाली दोन रेघा मारल्या. नंतर मी त्यांना दर आठवड्याला फोन करायला सांगितलं आणि ते करायचे, झाडाखाली रेंज येते तिथून, "म्याडम, पथक येऊन गेलं," "म्याडम, सुनावणी झाली." दक्षता पथक म्हणजे समितीची माणसं गावात, शाळेत जाऊन चौकशी करतात, त्याला वेळ लागतोच. मुदतीच्या चार दिवस आधी प्रमाणपत्र आलं. चार दिवस. म्हणून ज्यांच्या घरात मूल आत्ता अकरावीत आहे त्यांना हात जोडून सांगते, अकरावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत अर्ज करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. वडिलांची, सख्ख्या काकाची, आत्याची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर ती जोडा, त्याने खूप सोपं होतं. ओबीसीवाल्यांनी नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला बघा, ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, मागच्याच मार्चला संपलेलं घेऊन लोक येतात.

फीचं बोलू. खिडकीशी आलेला प्रत्येक बाप आधी आकडा विचारतो आणि आकडा ऐकून खाली बघतो. तेव्हा मी थांबून सांगते की आधी तुमची कुठली सवलत बसते ते बघू. एसटी-एससीला फ्रीशिप, स्कॉलरशिप आहे. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या जीआरने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या आणि कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफी झाली, आधी निम्मी होती. त्यानंतरच्या दोन सीझनला मी रांगेत मुली वाढलेल्या माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. ओपनमधल्या कमी उत्पन्नवाल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ट्यूशन फी वेव्हरच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा वेगळ्या. आणि राहण्या-खाण्यासाठीच्या योजना तर फार कमी जणांना माहीत असतात: अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसी आणि भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना, ओपनमधल्या आर्थिक मागासांना पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता. शासकीय हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून शिकणं सोडू नका, आधी ह्यांचे फॉर्म भरा.

हे बरंचसं महाडीबीटी ह्या सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरायचं असतं, आणि तिथे एक खड्डा आहे. खात्याला आधार लिंक आहे असं बँकवाला सांगतो, पासबुकवर पण असतं, तरी पैसे येत नाहीत. कारण केवायसीला आधार देणं वेगळं आणि आधार सीडिंग वेगळं. सरकारचे पैसे आधार नंबरला ज्या एका खात्याची जोडणी असते त्याच खात्यात जातात. आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिकडेच जाणार. एका पोराचे पैसे वर्षभर आले नाहीत म्हणून तो रोज माझ्याकडे यायचा, शेवटी आम्ही दोघांनी बसून बघितलं तर त्याने नववीत असताना कुठल्यातरी दुकानात उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात सगळे जमा झाले होते. तो इतका जोरात हसला की लायब्ररीतून माणूस बघायला आला.

आणि जे काही भराल त्याची पावती घ्या, पावतीवर कशाकशाचे किती ते वाचा. बिनपावतीचे पैसे कुणी कुठल्याही नावाने मागितले तर देऊ नका, राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फीच्या विरोधात कायदा आहे. अ‍ॅडमिशन रद्द करायचं झालं तर कॅपच्या कट-ऑफ तारखेच्या आत रीतसर ऑनलाइन अर्ज करा, मग प्रक्रियेचे म्हणून हजार रुपये कापून बाकीचे परत मिळतात, ती तारीख गेल्यावर मात्र अवघड.

एका फॉर्मपाशी मी सगळ्यांना थांबवते. अ‍ॅन्टी-रॅगिंगचं हमीपत्र. ऑनलाइन भरायचं असतं, मुलाचं एक आणि पालकांचं एक, आणि सगळे ते न वाचता पटापट पुढे नेतात, कॅफेत वीस रुपयात भरून मिळतं. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मधेच केला होता. पण आज देशभर प्रत्येक मुलाकडून हे जे भरून घेतात ते यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे, आणि त्या वर्षी मार्चमधे हिमाचलच्या एका मेडिकल कॉलेजात अमन काचरू नावाचा १९ वर्षांचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीने गेला होता. त्याच्या वडिलांनी नंतर ह्या कामाला वाहून घेतलं. हे मी फॉर्म भरणाऱ्याला सांगते, थोडक्यात, मागे रांग असली तरी. मग तो मुलगा जरा सावकाश वाचतो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, फोनमधे सेव्ह करायला लावते, माझ्यासमोर. आणि आईला सांगते की पोरगं फोनवर नेहमीपेक्षा कमी बोलायला लागलं तर कारण विचारा, अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून सोडून देऊ नका.

एवढं सगळं झाल्यावर मुलाला वाटतं, आता झालं. आमच्याकडचं झालं. पण तुम्ही शिकता कॉलेजात आणि विद्यार्थी होता विद्यापीठाचे, ही गोष्ट फार जणांना तिसऱ्या वर्षापर्यंत कळत नाही. आमच्यासारखं संलग्न कॉलेज शिकवतं, पण तुमची परीक्षा, निकाल, डिग्री सगळं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. १९४९ सालचं हे विद्यापीठ, नाशिक आणि नगर जिल्हे त्याच्यातच येतात, गणेशखिंडीत त्याची मुख्य इमारत आहे, आणि आमच्या कित्येक मुलांनी ती कधी बघितलेलीही नसते. तरी त्यांची नावं तिथे जातात. त्यासाठी एलिजिबिलिटीचा फॉर्म असतो, म्हणजे हा मुलगा ह्या कोर्सला बसायला पात्र आहे का हे विद्यापीठ स्वतः तपासतं. राज्य बोर्डाच्या मुलांचं सहसा सरळ होतं. सीबीएसई किंवा परराज्यातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते मागच्या बोर्डाकडून आधीच काढून ठेवा. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. पात्रता मंजूर झाली की पीआरएन मिळतो, पर्मनंट रजिस्ट्रेशन नंबर, आणि तो शेवटपर्यंत तोच राहतो. वर्ष राहिलं, ब्रँच बदलली, कॉलेज बदललं, तरी विद्यापीठ तुम्हाला त्या नंबराने ओळखतं.

मला ह्या नंबराचं फार अप्रूप आहे. रोल नंबर दरवर्षी बदलतो, हजेरीपुस्तक बदलतं, पण पीआरएन आला की मला वाटतं हे पोर आता खरं दाखल झालं.

पेठच्या मुलीचा पीआरएन परतीच्या पावसात आला, दिवाळीच्या थोडा आधी. ती तेव्हा हॉस्टेलला होती, स्वयमचा फॉर्म भरला होता, वर्गात रुळायला लागली होती, निदान जिन्यावर मैत्रिणींबरोबर हसताना मी दोनदा बघितलं होतं. मी शिपायाकडून निरोप पाठवला. ती प्रॅक्टिकलमधून तशीच पळत आली, हाताला सोल्डरिंगचा वास. मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. तिने नंबर मनात वाचला, मग हळू आवाजात एकेक आकडा वाचला, आणि एप्रनच्या खिशातला पेन काढून तळहातावर लिहायला लागली. वडिलांना फोन करून सांगायचा म्हणाली, त्यांनी कालच विचारलं होतं, नंबर आला का, म्हणून. बाहेर पाऊस धरला होता आणि रेंज मिळायला तिला गेटपर्यंत जावं लागणार होतं. मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक कोरी चिठ्ठी तिला दिली आणि पुन्हा लिहून घे म्हणलं.